चाचणीतले गुण, काठिण्य आणि आयआरटी: कामाच्या गोष्टी

गणनयंत्र

मानसशास्त्रीय चाचण्यांची चर्चा निघाली की आयआरटीबद्दल (आयटम रिस्पॉन्स थिअरी, उत्तरांवरून माणूस आणि प्रश्न दोघांनाही मोजणारा सिद्धांत) एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आयआरटीमध्ये प्रश्नाचं काठिण्य नमुन्यावर अवलंबून नसतं.’ हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे बरेच प्रकल्प गोत्यात येतात. म्हणून हा धागा. ज्यांनी डेटा घेऊन प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी भर घालावी, खोडून काढावं.

आधी पारंपरिक पद्धतीची अडचण. तिथे काठिण्य म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण. एकच प्रश्न तयारीच्या गटात ०.८० आणि कच्च्या गटात ०.४५ येतो. मग प्रश्न सोपा की अवघड? दोन्ही आकडे प्रश्नाइतकेच गटाबद्दलही बोलतात. दुसरी अडचण मापनाच्या त्रुटीची. प्रमाण विचलन ६ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी ६ × √(१ − ०.८४) म्हणजे २.४ गुण. ही २.४ सगळ्यांना सरसकट लागू. मधल्या माणसालाही तेवढीच आणि सगळे प्रश्न चुकलेल्यालाही तेवढीच. हे पटण्यासारखं नाही, कारण सगळे प्रश्न चुकलेल्या माणसाबद्दल चाचणीला फारसं काही कळलेलंच नसतं.

आयआरटी माणूस आणि प्रश्न दोघांनाही एकाच श्रेणीवर बसवते. माणसाची जागा म्हणजे थीटा, प्रश्नाची जागा म्हणजे बी. दोन प्राचलांचं (प्राचल म्हणजे प्रश्नाचा स्वभाव सांगणारा आकडा, पॅरामीटर) प्रारूप असं:

संभाव्यता = १ ÷ (१ + ई^(−ए × (थीटा − बी)))

ई म्हणजे २.७१८ हा स्थिरांक. ए म्हणजे भेदनक्षमता, वरच्या आणि खालच्या माणसांत फरक करण्याची ताकद, वक्राचा मधला चढ. ए सगळीकडे १ धरला की उरतं ते राश प्रारूप. त्यात थीटा आणि बी सारखे असले तर संभाव्यता ०.५०. थीटा १ ने जास्त असेल तर ०.७३, २ ने जास्त असेल तर ०.८८. तेवढंच कमी असेल तर अनुक्रमे ०.२७ आणि ०.१२. हे चार-पाच आकडे तोंडपाठ असावेत, सॉफ्टवेअरचं उत्तर वाचताना पदोपदी लागतात.

आता हाताने एक गणित. पाच प्रश्न, राश प्रारूप, बी अनुक्रमे −१.५, −०.५, ०, ०.५, १.५. कुणाचे तीन बरोबर आले. थीटा किती?

पहिला अंदाज लॉग(३ ÷ २) = ०.४०५ (नैसर्गिक लॉग, बरोबर भागिले चूक). या थीटाला पाच संभाव्यता येतात ०.८७, ०.७१, ०.६०, ०.४८, ०.२५. बेरीज २.९०९. प्रत्यक्षात गुण ३, म्हणजे ०.०९१ कमी पडतंय. प्रत्येक संभाव्यतेला (१ − संभाव्यता) ने गुणून बेरीज घ्या: ०.९९५. कमी पडलेलं भागिले ही बेरीज = ०.०९१. नवा थीटा ०.४९६. पुन्हा संभाव्यता काढल्या तर बेरीज २.९९९ भरते. झालं, थीटा साधारण ०.५०. ती दुसरी बेरीज (आता ०.९८४) म्हणजेच माहितीफल (त्या थीटाला चाचणी किती नेमकं मोजते याचं माप), आणि त्रुटी = १ ÷ √०.९८४ = १.०१.

म्हणजे ९५ टक्के मर्यादा उणे १.५ पासून अधिक २.५ पर्यंत. पाच प्रश्नांत माणसाबद्दल जवळपास काहीच कळलं नाही, आणि हे प्रारूप स्वतःच सांगतंय. मला आयआरटीतलं सगळ्यात उपयोगी हेच वाटतं. ‘नमुन्यावर अवलंबून नाही’ हा दावा नंतर येतो आणि तो फक्त प्रारूप डेटाला बसलं तरच टिकतो. शिवाय ‘अवलंबून नाही’ म्हणजे शून्य कुठे आणि एकक केवढं हे ठरवण्याची मोकळीक सोडून. बहुतेक सॉफ्टवेअर तुमच्या नमुन्याची सरासरी ० आणि विचलन १ धरून चालतं. दोन वेगळ्या गटांवर दोनदा चालवलंत तर बी वेगळेच येणार, आणि त्यात सिद्धांताची काही चूक नाही.

तळटीप

हातानं केलेलं गणित आवडलं. एक शंका. मग किती प्रश्न पुरेत? ‘२० प्रश्न घ्या’ छापाचे सल्ले कुठून येतात?

गणनयंत्र

थीटा ज्या भागात नीट मोजायचा आहे त्यावर अवलंबून.

एका प्रश्नाची माहिती = ए² × संभाव्यता × (१ − संभाव्यता). राशमध्ये ती जास्तीत जास्त ०.२५, तीही थीटा आणि बी जुळले तरच. एकूण माहिती १० हवी असेल, म्हणजे त्रुटी ०.३२ आणि ढोबळमानाने विश्वसनीयता ०.९०, तर नेमके जुळणारे ४० प्रश्न लागतील. माहिती ५ म्हणजे त्रुटी ०.४५, विश्वसनीयता ०.८०, त्याला २० पुरतात. पण प्रश्न थीटापासून २ लॉगिटने (लॉगिट हे या श्रेणीचं एकक) दूर असतील तर प्रत्येकाची माहिती ०.१०५ वर येते आणि त्याच दहासाठी सुमारे ९५ प्रश्न लागतात. प्रश्न वाढवण्यापेक्षा प्रश्न योग्य जागी टाकणं स्वस्त पडतं ते यामुळे.

ए २ असेल तर बीजवळ माहिती १, म्हणून कागदावर दहाच प्रश्नांत काम झालं. मात्र ए खूप मोठा दिसला की आनंद मानायच्या आधी तोच प्रश्न शब्द बदलून दोनदा विचारलाय का ते बघा.

लॉगिट

माहितीफल प्रश्न निवडतानाच समोर ठेवावं. निवड पात्रतेसाठी असेल आणि सीमारेषा थीटा ०.८ ला पडत असेल तर माहितीचं शिखर ०.८ ला हवं, बाकी ठिकाणी रोडावली तरी चालेल. निदानासाठी, अख्ख्या पल्ल्यावर लोक असतील तर शिखराऐवजी पठार हवं. आधी लक्ष्य-वक्र काढायचा, मग प्रश्नपेढीतून तो भरेपर्यंत प्रश्न उचलायचे. मापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्डने ही रीत रुजवली. एकेका प्रश्नाची माहिती दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून नसते, नुसती बेरीज होते, म्हणून हे शक्य होतं. पारंपरिक अल्फाचं (विश्वसनीयतेचा नेहमीचा निर्देशांक) तसं नाही. तिथे एक प्रश्न काढला की बाकी सगळ्यांचे आकडे हलतात.

ठोकताळा

धाग्यात दोन प्राचलांचं प्रारूप मूळ आणि राश म्हणजे त्याचं लंगडं रूप असा सूर लागतोय, त्याला माझा आक्षेप आहे. गेऑर्ग राशने १९६० मध्ये जे मांडलं ती वेगळी भूमिका आहे: डेटाला प्रारूप बसवायचं नाही, प्रारूपात न बसणारा प्रश्न दुरुस्त करायचा किंवा काढायचा. राशमध्ये एकूण गुणांत थीटाबद्दलची सगळी माहिती सामावते. समान बेरजेच्या दोघांना समान थीटा. दोन प्राचलांत तसं नाही, तिथे बरोबर आलेल्या प्रश्नांच्या ए ची बेरीज चालते. म्हणजे दोघांचे २७-२७ बरोबर असले तरी निकाल वेगळा. निवड परीक्षेत हे उमेदवाराला समजावून सांगून बघा.

जुळणी बघायला इनफिट आणि आउटफिट, म्हणजे उत्तरं प्रारूपाच्या अपेक्षेपासून किती ढळतात ते सांगणारे दोन निर्देशांक. दोन्हींचं अपेक्षित मूल्य १. बहुपर्यायी चाचणीत ०.७ ते १.३ अशी पट्टी बरेच जण वापरतात, ०.५ ते १.५ पर्यंत मापनाला अपाय नाही, हीसुद्धा प्रचलित पट्टी आहे. आउटफिट एकटाच १.८ वगैरे दिसला तर थेट प्रश्न काढू नका. तो दूरच्या, अनपेक्षित उत्तरांना फार संवेदनशील असतो. भक्कम थीटावाले पाच-सहा जण सोपा प्रश्न चुकले तरी तो उडतो. आधी ती उत्तरं काढून बघा. बऱ्याचदा उत्तरसूचीत चूक किंवा प्रश्नातच दोन अर्थ निघतात. इनफिटही वर असेल तर मात्र प्रश्नाचाच दोष. आणि ०.७ च्या खाली गेलेला प्रश्न ‘फारच चांगला’ नसतो. तो बाकी प्रश्नांची री ओढतोय, नवं काही सांगत नाही.

लॉगिट

भूमिका मान्य. पण वास्तवात प्रश्नांची भेदनक्षमता सारखी नसते, आणि ती सारखी धरली की चांगल्या प्रश्नाचं वजन कमी होतं आणि वाईटाचं वाढतं. पिसा (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) २०१२ पर्यंत राश घराण्यातली प्रारूपं वापरत होतं, २०१५ पासून भेदन मोकळं सोडलं. टिम्स (गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी) बहुपर्यायी प्रश्नांना तीन प्राचलं लावतं. परवाना परीक्षांत एनक्लेक्स (अमेरिकेतली परिचारिकांची परीक्षा) आजही राशवर चालते. सगळे आपापल्या जागी विचार करूनच बसलेत.

तिसरं प्राचल सी, म्हणजे काहीच येत नसलेल्याचं उत्तर बरोबर येण्याची तळरेषा:

संभाव्यता = सी + (१ − सी) ÷ (१ + ई^(−ए × (थीटा − बी)))

चार पर्याय आहेत म्हणून सी ०.२५ येईलच असं नाही. विचलक (चुकीचे) पर्याय आकर्षक असतील तर न येणारा माणूस अंदाजपंचे न मारता चुकीच्या पर्यायाकडे ओढला जातो आणि सी ०.२५ च्या खाली जातो. सी ०.२५ असला की थीटा = बी ला संभाव्यता ०.५० ऐवजी ०.६२५ होते आणि तिथली माहिती ०.२५ ए² वरून ०.१५ ए² वर घसरते. चाळीस टक्के माहिती अंदाजाने उत्तर देण्याच्या शक्यतेनेच खाल्ली.

सी अंदाजायला खालच्या टोकाला माणसं लागतात. सोप्या प्रश्नांना तिथे कुणी नसतंच, त्यामुळे सी कुठेही भरकटतो आणि ए, बीलाही सोबत नेतो. उपाय म्हणजे पूर्ववितरण, सी साधारण कुठे असेल याचा आधीच दिलेला अंदाज. पाच पर्यायांसाठी बीटा (५, १७) हे जुनं आणि भरवशाचं आहे, त्याचं शिखर ०.२० ला. पूर्ववितरण न देता ३०० जणांवर तीन प्राचलं चालवली तर आलेले आकडे छापू नका. राशला १००–२०० जण, दोन प्राचलांना ५००, तीन प्राचलांना १००० च्या पुढे, हा अनुभवाचा अंदाज. नियम नव्हे, पण याच्या खूप खाली जाताना कारण हवं.

साशंक

हे सगळं बरोबर-चूक प्रश्नांचं झालं. भावना, चिंता, व्यक्तिमत्त्व यांच्या प्रश्नावल्यांत ‘कधीच नाही’ ते ‘जवळजवळ रोज’ असे चार पर्याय असतात. समजा २० विधानं, ३४० माणसं, श्रेणीबद्ध प्रतिसाद प्रारूप (क्रमवार पर्यायांसाठीचं आयआरटी प्रारूप) चालवलं. दोन विधानांचा ए उणे आला, एकाचा ४.६, आणि एका सीमेचं (एका पर्यायातून पुढच्यात जाण्याची थीटावरची जागा) मूल्य ५.८. सॉफ्टवेअर म्हणतं ‘अभिसरण झालं’. कुठून सुरुवात करायची?

गणनयंत्र

ही चारही लक्षणं ओळखीची आहेत. क्रमाने.

उणे ए: दहातल्या नऊ वेळा उलट विधान उलटवायचं राहिलेलं असतं. ‘मला शांत झोप लागते’ हे चिंतेच्या श्रेणीवर उलटं आहे, पर्यायांना ० ते ३ गुण असतील तर ३ मधून गुण वजा करून भरायचे. उलटवूनही ए ०.२–०.३ वर राहिला तर नकारार्थी वाक्यरचना घोळ घालतेय का बघा. ‘मला क्वचितच अस्वस्थ वाटत नाही’ असली विधानं लोक दोनदा वाचत नाहीत.

५.८ ची सीमा: वारंवारता तक्ता उघडा. शेवटचा पर्याय ३४० पैकी तीन-चार जणांनीच निवडला असणार. श्रेणीवर थीटाच मुळात उणे ३ ते अधिक ३ एवढा पसरलेला, तिथे ५.८ ला माणूसच नाही. आकडा खरा नाही, रिकामी जागा आहे. शेजारचे दोन पर्याय एकत्र करून पुन्हा चालवा. पण सगळ्या विधानांत सरसकट एकत्र करू नका, जिथे दहापेक्षा कमी उत्तरं आहेत तिथेच.

४.६ चा ए: याला ‘उत्कृष्ट विधान’ समजू नका. त्याचा जोडीदार शोधा. ‘मी सतत काळजी करतो’ आणि ‘काळजी थांबवता येत नाही’ अशी जोडी असेल तर प्रारूपाला वाटतं की ही दोन विधानं थीटा अगदी नेमका सांगतात. प्रत्यक्षात ती एकमेकांनाच सांगत असतात. यालाच स्थानिक अवलंबित्व म्हणतात. तपासायला येनची क्यू-३ सांख्यिकी: थीटा धरून प्रत्येक उत्तराचं उरलेलं विचलन काढायचं आणि विधानाविधानांत सहसंबंध बघायचा. २० विधानांत सरासरी सहसंबंध आपोआपच उणे ०.०५ च्या आसपास पडतो (−१ ÷ (विधानं − १)). म्हणून शून्याशी तुलना न करता सरासरीशी करा. सरासरीपेक्षा ०.२० ने वर असलेली जोडी संशयित. दोहोंतलं एक काढा, किंवा दोघांची बेरीज करून एकच विधान धरा. न केल्यास नुसता ए फुगत नाही. एकूण माहिती फुगते, त्रुटी खोटी लहान दिसते, आणि अहवालात ‘विश्वसनीयता ०.९४’ असं छापलं जातं.

‘अभिसरण झालं’ याचा अर्थ एवढाच की गणित थांबलं. शेवटी विधाननिहाय जुळणी (ऑर्लांडो आणि थिसेन यांची एस-कायवर्ग) बघा आणि सगळ्यात आधी एकमितीय आहे का (सगळी विधानं एकच गुणधर्म मोजतात का) ते बघा. खरं तर हे मी पहिलं लिहायला हवं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. क्रमवार पर्यायांसाठीच्या (पॉलीकोरिक) सहसंबंधांवर घटक विश्लेषण करा. पहिलं आयगनमूल्य (पहिल्या घटकाने व्यापलेला हिस्सा) दुसऱ्याच्या जेमतेम दीडपट असेल तर एका थीटाचा आग्रह सोडा.

लॉगिट

साशंक, सीमा म्हणजे काय हे एका उदाहरणात. सामेजिमा यांच्या १९६९ च्या प्रारूपात चार पर्यायांना तीन सीमा. समजा ए १.८ आणि सीमा −०.५, ०.७, २.१. थीटा ०.७ असलेल्याने ‘किमान दुसरा पर्याय’ निवडण्याची संभाव्यता ०.९०, ‘किमान तिसरा’ ०.५०, ‘चौथा’ ०.०७. लागोपाठच्या वजाबाक्या केल्या की चार पर्यायांच्या संभाव्यता ०.१०, ०.४०, ०.४३, ०.०७.

यात सीमांचा क्रम रचनेमुळेच चढता राहतो. ‘माझ्या सीमा क्रमात आहेत म्हणून पर्याय नीट चालतायत’ असं या प्रारूपावरून म्हणता येत नाही. मास्टर्सच्या १९८२ च्या आंशिक श्रेय प्रारूपात सीमा उलटसुलट येऊ शकतात, आणि आल्या तर मधला एखादा पर्याय कुठल्याच थीटाला सर्वाधिक संभाव्य नसतो. पर्यायांची संख्या तपासायची असेल तर ते प्रारूप चालवून बघा.

ठोकताळा

आणि एमआयआरटी (आर या सॉफ्टवेअरमधलं आयआरटीचं पॅकेज) वापरत असाल तर एक खड्डा. ते मुळात बी छापत नाही, डी नावाचा आंतरछेद छापतं. बी = −डी ÷ ए. डी मोठा म्हणजे विधान सोपं. अनेक प्रबंधांत डी लाच काठिण्य समजून उलटा निष्कर्ष काढलेला दिसतो. आयआरटी प्राचलं मागणारा पर्याय चालू करा, थेट बी मिळतात.

रेघोटी

माझा आक्षेप वेगळ्या टोकाकडून. नैराश्याच्या प्रश्नावलीवर सर्वसाधारण लोकांचा नमुना घेतला तर बहुतेकांचे गुण शून्याजवळ. सगळ्या सीमा ० च्या वर, ए तीन-साडेतीन. माहितीचा वक्र ० ते २.५ मध्ये डोंगरासारखा आणि डावीकडे सपाट. मग अहवालात ‘ही प्रश्नावली कमी नैराश्य असलेल्यांसाठी अचूक नाही’ असं येतं. अहो, कमी नैराश्य असं काही मोजण्याजोगं आहे का, हा आधीचा प्रश्न. नसलेल्या लक्षणाचे अंश पाडता येत नाहीत. या गुणधर्माला घंटाकृती वितरण लागू आहे हे गृहीतच तिथे डळमळीत असतं.

गणनयंत्र

बरोबर. क्षमतेच्या चाचणीत डावं टोक खरं असतं, लक्षणांच्या प्रश्नावलीत ते बऱ्याचदा फक्त ‘लक्षण नाही’ एवढंच असतं. अशा वेळी दवाखान्यातला नमुना मिसळा किंवा वितरण घंटाकृती धरण्याची सक्ती काढा. आणि व्यक्तीचा थीटा कुठल्या रीतीने काढलाय ते अहवालात लिहाच. अधिकतम संभाव्यता रीतीत सगळीच उत्तरं शून्य असलेल्याचा थीटा उणे अनंत येतो, म्हणजे येतच नाही. ईएपी रीत (पूर्ववितरण धरून थीटाची सरासरी काढणारी) आकडा देते, पण सगळ्यांना सरासरीकडे ओढून. प्रश्न जितके कमी तितकी ओढ जास्त. उपचाराआधी आणि नंतर ईएपी घेऊन फरक काढला तर सुधारणा खरीपेक्षा लहान दिसू शकते. वॉर्मची भारित रीत मधला मार्ग आहे.

वापरणाऱ्यांना रोज सॉफ्टवेअर चालवणं जमणार नसेल तर बेरजेवरून थीटाचा तक्ता तयार करून द्या (लॉर्ड-विंगर्स्की पद्धत, एमआयआरटीमध्ये ईएपी-बेरीज या नावाने). नमुन्यानुसार गुणांकनातली थोडी अचूकता जाते, पण कागदावर वापरता येतं. प्रॉमिसचे (अमेरिकेतली आरोग्य-प्रश्नावल्यांची पेढी) कागदी छोटे संच अशाच तक्त्यांवर चालतात: सरासरी ५०, विचलन १०.

तळटीप

भाषांतरित चाचण्यांत ‘हे विधान या भाषेत अवघड झालं’ हे कसं ओळखायचं? नुसती सरासरी कमी आली म्हणून?

ठोकताळा

नाही. गटाची सरासरी कमी असणं आणि विधान वेगळं वागणं या दोन स्वतंत्र गोष्टी. समान थीटा असलेल्या दोन गटांतल्या माणसांची त्या विधानावरची संभाव्यता वेगळी आहे का, हे बघायचं. याला डीआयएफ (डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग) म्हणतात.

सगळ्यात सोपी रीत मँटेल-हेन्झेल. एकूण गुणांवरून लोकांचे थर पाडा, प्रत्येक थरात गट × बरोबर/चूक असा तक्ता, आणि सगळ्या थरांचं मिळून एक विषमता-गुणोत्तर (ऑड्स रेशो). ते १ असेल तर फरक नाही. −२.३५ × लॉग(गुणोत्तर) केलं की ईटीएसच्या (अमेरिकेतली परीक्षा संस्था) श्रेणीवर येतं: १ च्या आत किरकोळ, १.५ च्या पुढे (आणि सांख्यिकीदृष्ट्याही १ पेक्षा मोठं) गंभीर. गुणोत्तर १.९ असेल तर −१.५१, म्हणजे नुकतंच गंभीर, ज्या गटाची चिंता आहे त्याच्या विरुद्ध.

दोन गोष्टी चुकतात. एक, थर पाडायला वापरलेल्या एकूण गुणांतच दूषित विधानं असतात. पहिल्या फेरीत सापडलेली वगळून पुन्हा चालवा. मात्र जे विधान तपासताय ते स्वतः बेरजेत ठेवा. दोन, वक्र एकमेकांना छेदत असतील, म्हणजे खालच्या थरात एका गटाला फायदा आणि वरच्या थरात दुसऱ्याला, तर मँटेल-हेन्झेलमध्ये दोन्ही कटतात आणि काहीच दिसत नाही. तिथे लॉजिस्टिक समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) गट × गुण हे पद टाका.

सापडलं म्हणजे लगेच ‘पक्षपाती’ म्हणू नका. विषयतज्ज्ञांनी कारण सांगितलं पाहिजे: शब्द, संदर्भ, की खरोखर त्या गुणधर्माचाच भाग.

साशंक

आणि दोन वर्षांच्या दोन प्रश्नपत्रिका एकाच श्रेणीवर आणायच्या असतील?

लॉगिट

सामाईक प्रश्न ठेवायचे, एकूण लांबीच्या किमान पाचवा हिस्सा तरी, आणि ते चाचणीचंच छोटं रूप असावेत; सगळे सोपे किंवा सगळे एकाच घटकातले नकोत. दोन्ही वेळा स्वतंत्र प्राचलं काढायची आणि सामाईक प्रश्नांचे बी जुळवायचे. समजा नव्यात त्यांची सरासरी ०.१०, विचलन ०.९०, जुन्यात ०.४० आणि ०.९९. गुणक = ०.९९ ÷ ०.९० = १.१. स्थिरांक = ०.४० − १.१ × ०.१० = ०.२९. आता नव्या प्रश्नपत्रिकेतला बी १.२ असलेला प्रश्न जुन्या श्रेणीवर १.१ × १.२ + ०.२९ = १.६१ ला. त्याचा ए १.५ असेल तर १.१ ने भागून १.३६. बीला गुणायचं आणि ए ला भागायचं, इथे घाईत हमखास उलटं होतं.

ही रीत एकाच भरकटलेल्या सामाईक प्रश्नाने बिघडते, म्हणून आलेख काढा: आडवे जुने बी, उभे नवे. रेषेपासून दूर गेलेला प्रश्न बहुधा फुटलेला, शिकवून घेतलेला किंवा प्रश्नपत्रिकेत खूप मागे सरकलेला असतो. तो सामाईक म्हणून काढा, साधा प्रश्न म्हणून राहू द्या. स्टॉकिंग-लॉर्ड रीत पूर्ण वक्र जुळवते, तिला एकेका बीच्या धक्क्याने कमी फरक पडतो. मी तीच वापरतो आणि सरासरी-विचलनाची रीत पडताळ्यापुरती ठेवतो.

मागे सरकण्यावरून आठवलं: वेळ संपल्यामुळे न पोचलेले प्रश्न ‘चूक’ म्हणून भरले की शेवटचे प्रश्न अवघड ठरतात. प्राचलं काढताना ते रिकामे ठेवा.

रेघोटी

संगणकीय अनुकूलित चाचणीवर (आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडणारी) कुणीच बोललं नाही. एक सावधगिरी: दर वेळी सर्वाधिक माहितीचा प्रश्न उचला असं सांगितलं की पेढीतल्या ३०० पैकी मोठ्या ए चे वीस-तीस प्रश्नच सगळ्यांना जातात आणि लवकर फुटतात. त्यातही सुरुवातीला थीटाचा अंदाज कच्चा असताना भारी ए चे प्रश्न खर्च करण्यात अर्थ नाही, ते भलत्याच जागी नेम धरतात. वरच्या पाचांतून एक यादृच्छिक उचलणं किंवा सिम्प्सन-हेटर पद्धतीचा (एकेक प्रश्न किती जणांना जावा यावर मर्यादा घालणारा) अंकुश लावणं हे पहिल्या दिवसापासून हवं. थांबण्याचा नियम नुसता ‘त्रुटी ०.३० च्या खाली’ ठेवलात तर टोकाच्या माणसांना पेढी संपेपर्यंत प्रश्न येत राहतात, म्हणून कमाल संख्याही ठेवा.

साशंक

शेवटचा बाळबोध प्रश्न. २० प्रश्नांची एकच ठरलेली चाचणी, १२० माणसं, फक्त क्रम लावायचा आहे. आयआरटी हवीच का?

ठोकताळा

नको. पद (म्हणजे प्रश्न) विश्लेषण करा, भेदनमूल्य ०.२ च्या खालचे प्रश्न बघा, बेरीज वापरा. तिथे बेरीज आणि थीटा इतके सोबत चालतात की क्रमात फारसा फरक पडणार नाही. वेगवेगळे संच, बदलणारी प्रश्नपेढी, सीमारेषेजवळचे निर्णय, भाषांतर, यातलं काही आलं की मग या.

लॉगिट

याला +१. आणि आलातच तर जुन्या मॅन्युअलमधले ए उचलताना बघून घ्या की त्यांनी सूत्रात १.७ चा गुणक घातलाय का. तो लॉजिस्टिक वक्र सामान्य वितरणाच्या वक्राशी जुळवायला घालायचे. गुणक असलेल्या मॅन्युअलमधला १.० चा ए म्हणजे एमआयआरटीतला १.७. तसाच उचललात तर प्रत्येक प्रश्नाची बीजवळची माहिती २.८९ पटीने कमी येईल, आणि चांगली प्रश्नपेढी कुचकामी वाटेल.